गाळलेलं रीळ

देवाला सिनेमा दाखवायचा तर पडदा देवळाकडे तोंड करून लावतात. माणसांनी बघितला तर बघितला, नाही तर नाही. आमच्या नगरदेवाच्या अंगणात वर्षभर कुणाचा ना कुणाचा नवस फिटत असतो. गान काका आपला जुना ट्रक आणतात, पडदा ताणतात आणि यंत्र चालू करून शेंगा खात बसतात. समोर प्लॅस्टिकची स्टुलं, सगळी रिकामी. आत उदबत्त्यांच्या धुराने काळा पडलेला देव, पायरीशी मी आणि माझी उकडीची गाडी, मध्ये एखादं झोपलेलं कुत्रं. एवढाच प्रेक्षकवर्ग.

मला ती वेळ फार आवडते. वाऱ्याने पडदा हलला की त्यावरची माणसं वाकडीतिकडी होतात, रडणारी बाई मध्येच हसल्यासारखी दिसते. वाट्यांमधल्या तांदळाच्या उकडीची वाफ त्या उजेडातून वर जाते. बसल्या बसल्या माझा डोळा लागतो, आणि पडद्यावरचं कोणतं आणि माझ्या पेंगेतलं कोणतं, ते मग मला सांगता येत नाही. मी सांगायच्या भानगडीतही पडत नाही.

त्या शनिवारचा सिनेमा माझ्या धाकट्या बहिणीने लावला होता. पेइशुआन तिचं नाव, घरात आशुआन. ताइपेईत मोठी वकील आहे. इतकी मोठी, की नववर्षालासुद्धा तिला आमच्या ताइनानची गाडी सापडत नाही. ती दुपारीच येऊन टपकली, हातात चामड्याची बॅग, पायात गल्लीतल्या फरशीत अडकणारे बूट.

"आची, नवस फेडायला आलेय," ती म्हणाली. आची म्हणजे थोरली बहीण, म्हणजे मी.

"आत्ता आठवला? देव तुझी वाट बघून बघून आंधळा झाला असेल."

"टोमणे नंतर मार. आधी खायला दे."

मी वाटी दिली. तिने वरून लसणाचा रस घेतला, बांबूच्या सुरीने उकड चौकोनी कापली आणि लहानपणासारखी कडेकडेने खायला सुरुवात केली. तेवढ्यावर मी विरघळले. मी अशीच आहे, तोंडाने चावते आणि हाताने वाढते.

नवस जुना होता. ती दहा-अकरा वर्षांची असताना याच अंगणात आम्ही एक सिनेमा पाहिला होता, 'न हरणारा माणूस'. खेड्यातला एक पोरगा शहरात वकील होतो. त्याला एक साहेब भेटतो, ज्याच्या पेल्यातला चहा कधी गार होत नाही. साहेब म्हणतो, तू कधीच हरणार नाहीस. आणि पोरगा खरंच हरत नाही. फक्त एक होतं, प्रत्येक खटल्यानंतर त्याच्या जवळचं एक माणूस त्याचं नाव विसरतं. आधी गुरुजी, मग मित्र, मग बायको. शेवटी तो गावी जातो, दार वाजवतो, आई दार उघडते आणि विचारते, "कोण पाहिजे आपल्याला?"

मी त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडले होते. आशुआन मात्र दुसऱ्या दिवशी शाळेचा डगला उलटा घालून, काळा झगा म्हणून मिरवत, कोंबड्यांपुढे भाषण करत होती. मग तशीच देवापुढे गेली आणि मोठ्याने म्हणाली, "मला वकील कर. तुला हाच सिनेमा दाखवीन. अख्खा." आमचा नगरदेव स्वतःच न्यायाधीश, मेलेल्या माणसांचे खटले चालवतो तो. त्याला वकिलाचा सिनेमा दाखवायची लालूच! मला हसू आलं होतं. आईला नाही आलं.

आई तो सिनेमा अर्धा टाकून उठली होती. "चुलीवर ठेवलंय काहीतरी," म्हणाली आणि बुटकं बांबूचं स्टूल तिथेच विसरून घरी गेली. ते स्टूल अजून आहे. आई नाही.

"आणि आत्ताच का आठवण झाली?" मी विचारलं.

"जुनं फेडल्याशिवाय नवं मागता येत नाही ना."

"म्हणजे फेडायला नाही, मागायला आलीयस."

"दोन्ही," ती हसून म्हणाली. ती हसली की मला तिच्यावर नीट रागावता येत नाही, आणि हे तिला पक्कं माहीत आहे.

मागणं असं होतं. सोमवारी आमच्याच शहरातल्या न्यायालयात तिचा खटला होता. किनाऱ्याकडच्या एका कारखान्याने आपलं घाण पाणी मत्स्यतळ्यांत सोडलं आणि मासे मेले, असा तळेवाल्यांचा दावा. कारखान्याच्या बाजूने आशुआन. तळेवाल्यांकडे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकच, बोंगयो आजी. आम्ही तिला ओळखत नव्हतो, पण नावावरून जमाना कळतो. पुन्हा मुलगीच झाली, राहू दे आता, वाढवू या, म्हणून त्या काळी पोरींना असलं नाव चिकटवायचे.

"आजी पडली की खटला पडला," आशुआन म्हणाली. "आणि खटला जिंकला की तोंग साहेब माझं नाव दारावर लावणार. पितळेच्या अक्षरांत. त्यांच्या नावाखाली लगेच माझं. आची, माहितीये, आजवर त्या दारावर एकाही बाईचं नाव लागलेलं नाही."

तोंग साहेब तिचे वरिष्ठ. ती त्यांच्याबद्दल बोलते तेव्हा तिचा आवाज हळू होतो. ते म्हणे कधी ओरडत नाहीत, तिला 'पोरी' म्हणतात आणि तिच्या वाढदिवसाला स्वतः लिहून चार ओळी पाठवतात. मी त्या माणसाला एकदाच पाहिलं होतं आणि मला तो आवडला नव्हता. माणसाने इतकं गुळगुळीत असू नये.

"आणि आजीला पाडणार कशी?"

आशुआनने बॅगेवर थाप मारली. "एक कागद आहे. तिच्या हातात देणार आणि विचारणार, आजी, हाच ना तुमचा जबाब? तिला वाचता येत नाही, मी चौकशी केलीय. पण चारचौघांत ते ती कबूल करणार नाही. मान डोलवणार. हो म्हणणार. मग मी तो कागद न्यायाधीशांना देणार. त्यावर काय असेल माहितीये? नूडल्सच्या दुकानाची जाहिरात!" ती खुदकन हसली. "जी बाई कशालाही हो म्हणते, तिची साक्ष काय कामाची? माझ्या डोक्यातून निघालंय हे. अंघोळ करताना."

आमच्या आईलाही अक्षर येत नव्हतं. बाजारातून तिने एक चष्मा आणला होता, साध्या काचांचा. तो लावून ती देवळाच्या पायरीवर पेपर धरून बसायची, आणि आम्ही दोघी येता-जाता हळूच तो सुलटा करून द्यायचो.

"आशुआन," मी म्हटलं, "आईला असा कागद कुणी दिला असता तर?"

"आईचं काय मध्येच? आई साक्षीदार नव्हती." तिचा फोन वाजला. तोंग साहेब. ती आवाज हळू करून अंगणाच्या कोपऱ्यात गेली.

अंधार पडला. गान काकांनी आधी, दर सिनेमाआधी लावतात ती आठ सिद्धांच्या आशीर्वादाची छोटी फीत लावली, मग सिनेमा. मी आईचं स्टूल पहिल्या रांगेत नेऊन ठेवलं. पहिली रांग आम्ही मोकळीच सोडतो. ज्यांना शरीर नाही त्यांनी तरी कुठे बसायचं? मी वाट्या धुतल्या, गिऱ्हाइकं केली, थोडी पेंगले. आशुआन सबंध वेळ फोनवर, इकडून तिकडे येरझाऱ्या. तिच्या बुटांचा आवाज सिनेमातल्या वकिलाच्या बुटांत मिसळून गेला होता. मध्येच वाटलं, तीच पडद्यावर चालते आहे.

सिनेमा संपल्यावर तिने हात धुतले आणि कौलाच्या दोन लाकडी फोडी ओंजळीत घेतल्या. नाव, पत्ता, जन्मतारीख सांगून विचारलं, "देवा, नवस फिटला का?" फोडी खाली पडल्या. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला.

"पुन्हा विचार," मी म्हटलं.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. एक सपाट, एक गोल पडली तर होकार, दोन्ही गोल पडल्या तर नकार, पण हा नुसता हसत होता. न्यायाधीश हसायला लागला की वकिलाचं काय होतं, ते मी माझ्या बहिणीच्या तोंडावर पाहिलं.

"काय चुकलं माझं? हाच सिनेमा म्हटलं होतं मी. हाच आहे."

"अख्खा म्हणाली होतीस," मला आठवलं.

"मग अख्खाच तर लावला!"

नेहमी सगळ्यात नाक खुपसणारे गान काका खाली वाकून एक दोरी गुंडाळत होते, जी आधीच गुंडाळलेली होती.

"काका," मी म्हटलं.

"काय गं आखिम?"

"इकडे बघा."

काकांनी बघितलं नाही. दोरीलाच म्हणाले, "मधलं एक रीळ मी लावत नाही. फार फाटलंय, सारखं तुटतं. माणसं कुठे असतात बघायला?"

"देव असतो ना!"

"देव कुठे कधी तक्रार करतो?"

"आज केली," मी म्हटलं. "तीनदा."

काका देवापुढे जाऊन असे काही मान खाली घालून उभे राहिले, की मला रागावताना हसू आवरेना. नुसत्या देवांना सिनेमे दाखवून दाखवून माणूस किती निर्ढावतो! मग त्यांनी कबूल केलं, उद्या रविवारी संध्याकाळी पुन्हा लावतो, ते रीळ दुपारभर बसून चिकटवतो. आशुआन वैतागली. तिला त्याच संध्याकाळी हॉटेलवर बसून सोमवारची तयारी करायची होती. पण न फिटलेला नवस ठेवून नवं मागायची तिची छाती नव्हती. ताइपेईत राहिली म्हणून काय झालं, आमच्याच गल्लीतली ती.

रविवारी मी तिचा फोन काढून घेतला आणि उकडीच्या डब्यात, रिकाम्या वाट्यांखाली ठेवला. "सिनेमा संपेपर्यंत तोंग साहेबांना उकडू दे," म्हटलं. ती दुसऱ्या रांगेत बसली, मी शेजारी, आणि पुढे आईचं रिकामं स्टूल.

हवा त्या दिवशी मऊ होती. समुद्राकडून वारा येत होता आणि पडदा श्वास घेतल्यासारखा फुगत होता, बसत होता. लहानपणीचा सिनेमा पुन्हा बघणं मोठं विचित्र असतं. आठवणीत जो राजवाडा होता, ते साधं कचेरीचं दालन निघालं. साहेबाच्या पेल्यातली वाफ मात्र तशीच होती. ती सरळ वर जात होती, पडद्याच्या बाहेर, आमच्या देवळाच्या कौलांपर्यंत. निदान मला तसं दिसलं. आशुआन ओठ हलवत होती. तिला वकिलाची भाषणं अजून पाठ होती.

मग एक चरचरीत पांढरी रेघ आली, आवाज फाटला आणि ते रीळ लागलं.

न्यायालय. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक म्हातारी, अंगात जाड सुती सदरा, हात एकमेकांत गुंतवलेले. न हरणारा वकील तिच्यापाशी जातो, अगदी अदबीने, आणि तिच्या हातात एक कागद देतो. "आजी, हाच ना तुमचा जबाब?"

शेजारी आशुआनचे ओठ थांबले.

म्हातारी कागदाकडे बघते. डोळे ओळींवरून फिरवते, बोट फिरवते. मग मान डोलवते. हो, हाच. वकील कागद उंच धरतो. डुकराच्या पायांच्या रश्श्याचं बिल! सगळं न्यायालय हसायला लागतं. साहेब हसतो, न्यायाधीश हसतो, आणि म्हातारीला काय झालं ते कळत नाही म्हणून तीही त्यांच्याबरोबर थोडी हसते.

आम्ही लहानपणी पाहिला त्या वर्षी अंगणात माणसं होती, आणि तीही हसली होती. सगळ्यांत मोठ्याने आशुआन. आता अंगणात कुणी नव्हतं. पडद्यावरचं ते हसणं देवळाच्या भिंतीवर आपटून परत येत होतं.

माझे डोळे मिटले होते की उघडे होते, शपथेवर सांगता येणार नाही. मला आई दिसली. पुढच्या स्टुलावर, पाठमोरी, डोक्याला तिचा नेहमीचा जाळीचा रुमाल. मी तिच्या उठण्याची वाट बघत होते. आता उठेल, चुलीवर ठेवलंय म्हणेल, जाईल. पण ती उठली नाही. तिने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि मान वळवून मागे पाहिलं. माझ्याकडे नाही. आशुआनकडे. रागाने नाही. शाळेतून आलेल्या पोरीच्या तोंडाकडे आई बघते, खाल्लंय की नाही म्हणून, तसं.

मग वारा पडला, पडदा सरळ झाला, आणि स्टुलावर कुणी नव्हतं.

"आची," आशुआनचा आवाज आला. "आई इथेच उठून गेली होती."

"हो."

"चुलीवर काय होतं गं त्या दिवशी?"

"काही नव्हतं. त्या दिवशी आपण दुपारीच चूल विझवून माशाची पेज खायला बाहेर गेलो होतो."

पडद्यावर वकिलाचा सत्कार चालला होता. "मला वाटलं होतं, माझ्या डोक्यातून निघालंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं आत बसून होतं, आणि मला वाटलं, माझं आहे." आणि ती रडायला लागली, अगदी नाक वाहीपर्यंत. मी तिच्या पाठीवर थोपटलं. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आईच्या त्या साध्या काचांच्या चष्म्यासाठी मी कधी रडलेच नव्हते.

शेवटी दार उघडलं, पडद्यावरच्या आईने विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" आणि पडदा पांढरा झाला.

कौल पहिल्याच फटक्यात मिळाला. एक सपाट, एक गोल. गान काकांनी सुटकेचा असा श्वास सोडला की उदबत्तीची राख उडाली. "फिटला! आता माग, पोरी. आता हक्क आहे तुझा."

आशुआन फोडी हातात घेऊन उभी राहिली. डब्यात माझ्या वाट्यांखाली फोन थरथरत होता, वाट्या किणकिणत होत्या. मग तिने फोडी परत देवापुढे ठेवल्या.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"काय मागू तेच कळत नाहीये," ती म्हणाली आणि फोन घेऊन हॉटेलवर गेली.

सोमवारी मी उकडीत मीठ दोनदा घातलं. गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली, मी त्यांच्यावरच खेकसले. तिने कागद दिला असेल का? दिला असेल तर मी तिला काय म्हणणार होते? दारावर नाव लागलं, अभिनंदन, असं? मला ते जमलं नसतं, आणि न जमण्याची भीतीही वाटत होती. बहीण एकच आहे मला.

संध्याकाळी बूट वाजले. माझी समजूत होती की ती परस्पर ताइपेईची गाडी धरेल. ती माझ्या उकडीच्या गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"कागद हातात होता, आची," तिने कशाचीच वाट न बघता सांगायला सुरुवात केली. "मी पुढे गेले. मी काहीतरी वाचायला देणार हे तिने ओळखलं बहुतेक. तिने पिशवीतून चष्मा काढला. लावला. तसाच गं. साध्या काचांचा. आरपार डोळे दिसत होते तिचे."

हातातली वाटी मी खाली ठेवली.

"मी कागद बॅगेत टाकला. म्हटलं, आजी, त्या सकाळी मासे कसे दिसत होते ते सांगा. मग ती सांगत बसली. पाणी कुठून आलं, वास कसा होता, कोणत्या तळ्यातले आधी उलटे झाले, नवऱ्याच्या वेळेपासूनचा जुना मोठा मासा तिने कसा हातात धरून ठेवला. न्यायाधीश लिहायचे थांबून ऐकत होते. निकाल यायचाय अजून, पण आमचं संपलं. माझ्याच प्रश्नाने संपलं."

"आणि तोंग साहेब?"

"बाहेर आल्यावर मी फोन केला. त्यांना आधीच कळलं होतं. मी म्हटलं, साहेब, मी बोलतेय." ती थांबली. "ते तितक्याच गोड आवाजात म्हणाले, माफ करा, कोण बोलतंय?"

पाठीमागे गान काका दुसऱ्या कुणाच्या तरी नवसाचा पडदा ताणत होते. आशुआन तशीच उभी होती, बॅग पोटाशी धरून. बाजारात हरवलेलं पोर उभं राहतं ना, तशी. मी हात पुसले, गाडीला वळसा घालून गेले आणि तिच्या हातातली बॅग काढून घेतली.

"आशुआन," मी म्हटलं. मग तेवढ्याने पुरेसं वाटेना, म्हणून पुन्हा म्हटलं, "पेइशुआन. ये, बस. उकड खारट झालीये, पण खा."

तिने आईचं स्टूल ओढलं आणि बसली.